कडकोळला मीटर बारावर अडकला

म्हैसूरला बाइकने जायचं, हे आमच्या घरी तीन वर्षं नुसतं ठरत होतं. दर वेळी नवऱ्याची रजा आडवी यायची. या डिसेंबरात म्हटलं, तू ऑफिस सांभाळ, मी निघाले!

पहिल्या दिवशी कोल्हापूर ते चित्रदुर्ग. हायवे इतका गुळगुळीत की झोप हाच एक धोका. दुसऱ्या दिवशी हिरियूरला हायवे सोडून हुळियार, नागमंगलामार्गे आत शिरले. रस्ता अरुंद, पण दुतर्फा नारळ. नागमंगलाला एका म्हशीला हॉर्न दिला, तर तो आजारी बोकडासारखा वाजला. म्हैस हलली नाही. हॉर्नला ऊन लागलं असेल, असं ठरवून मी पुढे गेले. वाचकहो, असं कधी ठरवू नका.

म्हैसूर माझ्या आईचं माहेर. पूर्वज कुणी तरी राजाच्या फौजेत होते, तेव्हापासूनची मराठी घरात टिकून आहे, पण निम्मी कन्नड होऊन. नजरबादला विमलमावशी एकटी राहते. कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालीय. तिसऱ्या दिवशी सकाळी इडली वाढताना तिने विचारलं, "तुझ्या गाडीवर मला बसता येईल का ग?"

"कुठं जायचंय?"

"टी. नरसीपूरला, सरोजाकडं. तीन वाजता ती शिवमोग्याला चालली, मुलीकडं. कायमची. काल कळलं मला. स्वल्प भेटून येऊ."

सरोजम्मा म्हणजे मावशीची कॉलेजातली जिवलग मैत्रीण. डिपार्टमेंटची हेड कुणी व्हायचं यावरून दोघींचं बिनसलं होतं.

"सात वर्षं बोलत नाही ना तुम्ही?"

"म्हणून तर स्वल्प म्हटलं!"

सरळ गेलं तर तास पुरतो. पण सरोजम्माला नंजनगूडची रसबाळे केळी लागतात, म्हणून आम्ही लांबच्या रस्त्याने निघालो. कडकोळला कारखान्यांपाशी चहाला थांबलो आणि नंतर स्टार्टर दाबला. टक्. पुन्हा दाबला. टक्. माझ्या गाडीला किक नाही. चहावाल्याने मागून ढकललं आणि आम्ही वरात घेऊन शिवण्णा नावाच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पोचलो. साडेबारा झाले होते.

"बॅटरी होय्तु, मेडम," म्हणजे बॅटरी गेली, असं सांगून तो नवी बॅटरी काढायला वळला.

"थांब रे," मावशी कन्नडमध्ये म्हणाली. "नवी घालशील, तीही उद्या उपाशी मरेल. चार्जिंग होतंय का ते बघ आधी. मीटर लाव."

दुसरी बॅटरी जोडून इंजिन चालू केलं. मीटरवर बारा व्होल्ट. मी ॲक्सिलरेटर पिळला. चौदाच्या आसपास जायला हवा होता, तरी काटा बारावरच. मग शिवण्णाने इंजिनातून येणाऱ्या तीन पिवळ्या तारा तपासल्या. वीज नीट तयार होत होती. म्हणजे चोर मधे होता: हेडलाइटखालचा पात्या-पात्यांचा ॲल्युमिनियमचा डबा, रेग्युलेटर-रेक्टिफायर. इंजिनाकडून वीज उलटसुलट येते. हा तिला एकाच दिशेने वळवतो, व्होल्टेज साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही आणि मग बॅटरीला देतो. त्याचा प्लग वितळून काळा पडला होता.

"मेडम, तुम्ही मेकॅनिक?" शिवण्णाने विचारलं.

"टीचर. तीस वर्षं हा फळ्यावर काढला. हातात आज घेते," म्हणत तिने सोडवून ठेवलेला डबा उचलला. "अय्यो!" चांगलाच तापला होता.

शिवण्णाने हसू दाबलं आणि तिला पाण्याची बादली दिली. नेमका पार्ट नव्हता, पण दुसऱ्या गाडीचा चालेल, असं तारा जुळवून पाहून त्याने तो बसवला. मावशी मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होती. अखेर मीटर चौदा पॉइंट दोनवर गेला आणि तिने वर्गात वाजवावी तशी टाळी वाजवली. खर्च नव्या बॅटरीपेक्षा कमी आला. लांब निघणार असाल तर एक साधा मीटर बरोबर ठेवाच.

नंजनगूडला मावशीने केळ्यांचा भावसुद्धा केला नाही. तेव्हा मला तिच्या घाईचा खरा अंदाज आला.

पोचलो तेव्हा सामान गाडीत होतं, सरोजम्माही. मावशीच्या हेल्मेटचा पट्टा निघेना. ती तशीच खिडकीपाशी गेली. सरोजम्मा बघतच राहिली.

"नीना?" म्हणजे, तू?

"हौदु. मीच."

"म्हातारी झालीस."

"हेल्मेटमधून काय दिसतंय तुला?"

सरोजम्माने जावयाला इंजिन बंद करायला लावलं आणि खाली उतरली. दोघी पायरीवर बसल्या. हेडचा विषय कुणीच काढला नाही. मावशी केळी सोलत राहिली. चार सोलली, खाणाऱ्या दोघीच. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून दोघींनी तसंच वाहू दिलं. दहा मिनिटांनी जावयाने हळूच हॉर्न दिला.

परतताना आम्ही संगमावर थांबलो. कावेरी आणि कपिला शांत होत्या. मावशी म्हणाली, "पहिला फोन तिनं करावा म्हणून मी थांबले. फिजिक्स शिकवलं म्हणून माणूस शहाणा होतो काय?"

मी दोन दिवसांत कोल्हापूरला आले. हॉर्न आता म्हशी उठवतो. रस्ता झकास, ट्रिप पुन्हा करावी अशी. घरी पोचताच मावशीला फोन लावला. एंगेज. चहा घेऊन लावला. एंगेज. स्वयंपाक झाल्यावरही एंगेज. शेवटी "पोचले" असा मेसेज टाकला. तो तिने दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला.