मंदाच्या तामणीवर कुऱ्हाड

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंजूने चहा ठेवला आणि नवऱ्याला हाक मारायला ती सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत गेली. मुरारी एका झाडाच्या बुंध्याशी बकेट ओतत होता. एक ओतली, हापशीवर जाऊन दुसरी भरून आणली, तीही ओतली. मग हाताने आळ्यातली माती सारखी केली आणि मगच चहाला वळला.

"कोणतं झाड आहे हे?" रंजूने सासूला विचारलं.

"तामण. मंदाचं झाड आहे," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

मंदा म्हणजे मुरारीची पहिली बायको. काविळीने जाऊन तिला तेव्हा चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

रंजूचं हे गाव लाखांदूरच्या बाजूला, तलावाच्या काठी आहे. मुरारीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या तलावात मासे धरतात. मी तिथल्या शाळेत शिकवते आणि मुरेल मासा मिळाला की रंजू माझ्यासाठी बाजूला ठेवते, तेवढी आमची ओळख जुनी. पुढचं बरंचसं तिनेच मला सांगितलं, काही मी डोळ्यांनी पाहिलं.

ती वैनगंगेपलीकडची. चार बहिणींत शेवटची. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा थोरल्या तिघी आपापल्या घरी होत्या, म्हणून बापाची सेवा हिच्याकडे आली आणि त्यात लग्नाचं वय निघून गेलं. चौदाव्या वर्षापासून ती बाजारात मासे विकायची. तोंडाने फटकळ, हाताने चपळ. एकतिसाव्या वर्षी मुरारीचं स्थळ आलं. बिजवर, पण दारू नाही आणि घरात सासूशिवाय कोणी नाही. रंजू खुशीने आली.

भिंतीवर मंदाचा फोटो होता. त्याचं तिला काही वाटलं नाही, सणासुदीला तीच हार घालायची. झाडाचं मात्र पहिल्या दिवसापासून खुपलं.

मंदा लग्नाआधी दोन वर्षं भंडाऱ्याजवळच्या एका रोपवाटिकेत मजुरीला होती. सासरी येताना एसटीत मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीतलं हे रोप घेऊन आली. चौथ्या वर्षी झाड फुललं ते असं, की बांधावरून जाणारे लोक सायकली थांबवून पाहायचे. जांभळे तुरे, पाकळ्या कागदी फुलासारख्या चुरगळलेल्या. हे सगळं रंजूला सासूने सांगितलं, शेजारच्या शुभांगीने सांगितलं, दळण आणायला गेली तर चक्कीवाल्यानेही सांगितलं. तिने स्वतः मात्र त्या झाडावर फूल पाहिलेलंच नव्हतं. मंदा गेली त्या वर्षापासून मुरारीने झाडाला विळाही लावू दिला नाही. ते वाढत वाढत कौलांच्या वर गेलं, फांद्यांत फांद्या अडकल्या, जुनी काळी बोंडं तशीच लटकत राहिली. आधी फुलं शेंड्यापुरती उरली, मग तीही बंद झाली.

"ती गेली, झाडानं फुलनं सोडलं," मुरारी म्हणायचा. हे तो इतक्या हळू आवाजात म्हणायचा की रंजू तिथून उठून जायची.

जिवंत सवत असती तर तिने झिंज्या धरल्या असत्या. हिच्याशी भांडायचं कसं? झाडावर कपडे वाळत घालायचे नाहीत. झाडाखाली मासे साफ करायचे नाहीत. शिशिरात त्याची तांबडी झालेली पानं अंगणभर पडायची, ती झाडायची रंजूने. तिने कुंपणाशी झेंडू लावला, भेंडीची ओळ लावली. भेंडीची भाजी मुरारीने आवडीने खाल्ली, पण ओळीकडे कधी पाहिलं नाही. एका उन्हाळ्यात हापशी आटली, तेव्हा ती बोडीपर्यंत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यापर्यंत, चालत जाऊन कमरेवर पाणी आणायची. त्यातल्याच दोन बकेटी तो मुकाट्याने उचलून मागे न्यायचा.

"मानसाले प्याले नाई अन् झाडाले काहून?" तिने एकदा विचारलं.

"दोनच बकेटी तं आहेत," तो म्हणाला.

ती तापाने पडली होती तेव्हाही त्याने सकाळी आधी झाडाला पाणी घातलं, मग तिच्या कपाळाला हात लावला. त्याचा हात गार होता. तो गारवा कुठल्या पाण्याचा हे तिला माहीत होतं. तिने तोंड फिरवलं.

लग्नाला तीन वर्षं झाली त्या माघात लाखांदूरला मुरारीच्या भाचीचं लग्न निघालं. बकऱ्या होत्या म्हणून घरी रंजूने थांबायचं ठरलं. मायलेक एसटीला निघाले. वाटेला लागल्यावर मुरारी परत फिरला. काही विसरला असेल, किंवा जाताना आपल्याशी दोन शब्द बोलेल, म्हणून ती दाराशी आली.

"झाडाले पानी टाकजो बरं," तो म्हणाला आणि गेला.

रंजू दारात तशीच उभी राहिली. "तीन दिवस मी एकटी राहनार होती. सांभाळून राहा एवढं तं म्हनावं ना मास्तरीनबाई," हे मला सांगताना इतक्या वर्षांनीही तिचा आवाज चढला.

मग तिने चुलीजवळची कुऱ्हाड घेतली.

आधी एकच फांदी तोडायची होती, वाळत घातलेल्या लुगड्याला अडणारी. ती पडली तसा आत उजेड आला आणि पुढची दिसली. रंजू वर चढली. दुपारी जेवली नाही. ऊन कलेपर्यंत त्या झाडाची एकही फांदी राहिली नव्हती. पुरुषभर उंचीचा बुंधा आणि त्याला चार-पाच जाड खुंटे, बस. फांद्यांचा ढीग कुंपणाएवढा झाला होता. तो पाहिल्यावर तिने कुऱ्हाड टाकली. तिने शेण कालवलं आणि जिथे जिथे घाव होते तिथे लिंपलं. औषध म्हणून नाही, तो पांढरा ओला लाकूडगर तिला बघवत नव्हता.

मुरारी परत आला. सांदवाडीच्या दाराशी थबकला.

"किडा लागला होता," रंजू म्हणाली. पाठ करून ठेवलं होतं तिने. "आतून पोखरून राहिला होता. तोडलं नसतं तं पुरं गेलं असतं."

तो तसाच तलावावर गेला आणि मासेमारीच्या डोंग्यात बसून राहिला. चंद्रभागाबाई खुंट्यांवरून हात फिरवत रडल्या. पुढे महिनाभर मुरारी रंजूशी कामापुरतं बोलत होता. आणि रोज सकाळी, त्या बोडक्या बुंध्याला, दोन बकेटी.

"तोडलं तरी माह्या हाती काई लागलं नाई," रंजू म्हणाली. "उलट पहिले झाड होतं, आता झाड मेल्याचं दुःख बी मंदाच्याच वाट्याले गेलं."

फाल्गुनात खुंट्यांना लालसर कोंब फुटले. चैत्रात त्यांच्या हातभर लांब, सरळ काड्या झाल्या. वैशाखात प्रत्येक काडीच्या टोकाला गोल, हिरवट-गुलाबी कळ्यांचा घोस धरला, आणि आठ दिवसांत सगळं झाड जांभळं झालं. तेही डोक्याच्या उंचीवर, हात लावता येईल असं. मी मुद्दाम पाहायला गेले. एवढी फुलं मी आजवर कुठल्या झाडावर पाहिली नव्हती.

अंगणात बायका जमल्या होत्या. कोणी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं होतं. चंद्रभागाबाई येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "माही मंदा आली वो! पाहा, माही मंदा आली!" मुरारी हसत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "मंदाच्या हाताचं झाड आहे मॅडम. तिच्या हाताले गुन होता."

रंजू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तो तिने जमिनीवर ठेवला, ठेवला म्हणजे आदळलाच.

"मंदा नाई आली! मीनं तोडलं ते. माह्या हातानं. किडा नव्हता अन् काई नव्हतं. मराव म्हनून तोडलं होतं."

शुभांगीने उगाच पदर सावरला.

"काहून वो?" सासूने विचारलं.

"जळत होती मी. त्या झाडावर, तुमच्या मंदावर, याइच्या दोन बकेटीवर."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही चहा न पिता निघालो.

ती माहेरी जायला निघाली होती, पिशवीही भरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती जाळ्याची उसवण शिवत बसली असताना तो येऊन समोर बसला.

"मले एक आठवलं," तो म्हणाला. "मंदा बी तोडत होती."

"काय?"

"दर माघात. रोपवाटिकेत शिकवलं होतं तिले. तामणीले फूल नव्या फांदीलेच येते म्हने, म्हनून जुनी फांदी छाटाव लागते. एक डाव मी तिच्या अंगावर धावलो होतो, झाड मारून राहिली म्हनून. ती गेल्यावर मीनंच कोनाले हात लावू नाई देल्लं. म्हनजे फुलं मीनंच थांबवली. अन् सात वर्षं तिच्या नावानं रडत बसलो. तू हे घर नको सोडू."

एवढं ऐकून दुसरी एखादी विरघळली असती. रंजूला आधी काय वाटलं, तर हेही मंदाने आपल्या आधीच करून ठेवलंय. निदान कुऱ्हाड तरी आपली असावी, तीही नाही! ती चिडून रडली, मग रडता रडता हसली. पिशवी मात्र रिकामी केली.

त्यानंतर दर माघात छाटणी होते. मुरारी शिडी धरतो, ती तोडते. इतकं खाली नाही, बोटाएवढ्या जाड काड्या तेवढ्या. गावातल्या इतरांनाही तिनेच सांगितलं की झाडाला ऊन हवं, सावलीत ते नुसतं पानावर जातं, आणि युरिया टाकू नका. पण चंद्रभागाबाई वारल्या त्या दिवसापर्यंत ते मंदाचंच झाड म्हणत होत्या, गावही तेच म्हणतं.

म्हणून रंजूने त्याच्या बोंडांतलं बी काढून दुधाच्या पिशव्यांत रोपं केली. वाटली बरीच, त्यातलं सगळ्यात धट्टं रोप स्वतः तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, लावलं. बकऱ्यांसाठी काट्यांचं कुंपण केलं. त्याला पाणी ती स्वतः घालते, मुरारीला घालू देत नाही. चार वर्षं फूल नाही. मध्येच शुभांगीच्या दारचं रोप, तिनेच दिलेलं, आधी फुललं, तेव्हा रंजू पंधरा दिवस त्या घरासमोरून गेली नाही.

यंदा वैशाखात तिने मला पाळीवर बोलावून नेलं. शेंड्याला तीन तुरे आले होते. रंग फिकट होता, जवळजवळ गुलाबी. बियांपासूनच्या झाडांचं असं होतं, मी म्हणाले.

"फिकं आहे, ते दिसते मले," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "तुमी दोनी पाह्यले ना मॅडम. खरं सांगा, कोनतं बरं?"

"हेच, पाळीवरचं," मी म्हणाले. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "खोटं बोलता तुमी," आणि खाली वाकून आळ्यातलं तण उपटायला लागली.