सव्वा मुठीची यादी

बेचाळीसच्या भूमिगत टोळीची माहिती काढायला मी निवृत्तीनंतर लागलो, ते देशप्रेमानं वगैरे नव्हे. वडिलांनी पिच्छा पुरवला म्हणून. माझे आजोबा पहूरचे. त्या साली ते चार महिने घरातून गायब होते आणि परतल्यावर विचारलं की एवढंच सांगायचे, सुरतेला गेलो होतो. गावानं त्याचा सोयीचा अर्थ लावला: गडी घाबरून पळाला. पळपुट्याचा पोरगा म्हणून वडिलांना शाळेत चिडवलं जायचं, आणि पंच्याऐंशीव्या वर्षीही ते त्यांना टोचत होतं. मी डोळे मिटायच्या आत एक शिक्क्याचा कागद आण, हा त्यांचा धोशा.

कागद मिळेना. जळगाव झालं, धुळं झालं, जुनी दप्तरं उपसून मला फक्त सर्दी झाली. लपून काम करणाऱ्यांनी हजेरीपट ठेवला असेल, असं मास्तरकीत आयुष्य घालवलेल्या माणसालाच वाटू शकतं. शेवटी कळलं की पिंपळनेरच्या पुढे एका शेतकऱ्याच्या घरी त्यातले काही लपले होते. त्या घरची थोरली सून, आता ऐंशीच्या पुढची अक्का, मला चहा पाजायची, माझ्या मोबाइलला हसायची आणि माहिती काहीच नाही म्हणायची. तिचं लग्न पुष्कळ नंतरचं, त्यामुळे ते खरंही होतं. तरी मी जात राहिलो. सहाव्यांदा गेलो तो श्रावणातला शुक्रवार होता.

अक्का गहू मोजत बसली होती. रविवारी घरात कानबाई देवी बसणार, तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ सुपात टाकायची. हे रोट घरातच संपवतात, परक्याला घासही देत नाहीत. मी गुपचूप कोपऱ्यात बसलो. मुला-नातवंडांची नावं झाली, पुतण्यांची झाली. मग ती थांबली, पदर सारखा केला आणि पाच वेगळीच नावं घेतली. एक मुसलमान पिंजाऱ्याचं होतं. चौथं नाव माझ्या आजोबांचं होतं, पुढे 'पहूरवाला' जोडून.

मी कप खाली ठेवला. ही कोण माणसं, मी विचारलं. सासूनं सोपवलेली नावं, ती म्हणाली. त्या श्रावणात ही पाच माणसं माळ्यावर होती, आणि ऐन कानबाईच्या दिवशी पोलीस दारात आले. सासूला देवीसमोर खोटं बोलवेना. पण रोट त्यांच्या नावानं आधीच झाले होते, त्यांनी ते खाल्लेही होते. तिनं उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "घरमा बठ्ठा भाऊबंदच शेतस." म्हणजे घरात सगळे भाऊबंदच आहेत; आणि रोट खाल्ल्यावर ते खोटंही नव्हतं. पोलीस परत गेले. ते पाच जण रात्रीतून पांगले आणि पुन्हा कोणाची खबर आली नाही. मेल्याची खबर येईपर्यंत मूठ बंद करायची नाही, असं सासूनं बजावलं होतं.

म्हणजे खबर आता मलाच द्यायची होती. मी पहूरवाल्याचा नातू, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, असं मी सांगून टाकलं. अक्कानं ती मूठ सुपातून काढून टाकली तर, या भीतीनं मी सूपच बघत बसलो. तिनं सुपातले गहू बोटांनी सारखे केले. मग पहूरवाल्याचा पोरगा आहे का, असं तिनं विचारलं.

रविवारी वडिलांना गाडीत घालून नेलं. वाटेत त्यांनी रस्त्याला, माझ्या गाडी चालवण्याला आणि शिक्का नसलेल्या पुराव्याला नावं ठेवली. तिथे पोचल्यावर गुडघे वाकत नाहीत म्हणून त्यांना पाट नको, खुर्ची दिली. पंगतीत सगळे सख्खे, आणि मधोमध खुर्चीवर हे.

अक्कानं त्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं रोट वाढले. "तुना वाटा आम्हीच खाई ऱ्हायनूत इतला वरीस," ती म्हणाली. "आते तू खाय."

वडिलांनी ताट दोन्ही हातांनी मांडीवर ओढून घेतलं आणि चष्मा न पुसताच जेवायला लागले. शेवटचा कणही त्यांनी बोटानं टिपून खाल्ला. कागदाचं त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.