टापांशिवायची घुंगरं

ती सकाळ आठवली की मला आधी चेहरे आठवत नाहीत, आवाज आठवतो. धुक्यात तापीच्या उतारावर वाजत येणाऱ्या घुंगरांचा. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही साधी दुखापतीची केस मात्र अजूनही पहाटे अर्धवट जागेपणी कानाशी येते.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आमचा कारभार धुळ्याहून चाले. मी शहादा भागात फौजदार होतो आणि सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत बंदोबस्ताला होतो. राहुटीतच तात्पुरती चौकी मांडलेली. मार्गशीर्षातल्या सकाळी नदीवरून धुकं वर चढे. मग राहुट्या, बैलगाड्या, माणसं सगळी पुसट होऊन जात. घोड्यांच्या माना तेवढ्या धुक्याबाहेर दिसत. खाली पाय नसलेले घोडे हवेत तरंगताहेत असं वाटायचं. मला ते फार आवडे. आमच्या जमादाराला अजिबात आवडत नसे. धुक्यात खिसेकापू दिसत नाहीत, हे त्याचं म्हणणं.

अशाच एका सकाळी पोलीस पाटील धावत आला. नदीच्या उतारावर एक म्हातारा शेतकरी पडला होता, पायाचं हाड मोडलं होतं. घाटावर कपडे धुणारी माणसं त्याच्या ओरडण्याने धावली आणि त्यांनी त्याला उचलून झाडाखाली आणलं होतं. शहाद्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत मी त्याचा जबाब घेतला.

"आंघोयले जाई ऱ्हायंतू, साहेब," तो कण्हत म्हणाला. "मांगेथून घुंगरूंना आवाज उना. घोडं शे, बाजूतीन निंघी जाई, म्हनीसन मी हटनू नही. मंग काय जोरमा धडक बसनी!"

"घोडा पाहिलात का?"

"धुकामा काय दिसस? तोंडवर पडनू ना मी."

सारंगखेड्याच्या माणसाला घोड्याची भीती नसते. शेपटीमागून निवांत चालतील, पोटाखालून वाकून जातील. घोडा आपल्याला चुकवून जाणार, याची त्यांना पक्की खात्री. म्हणून तो हटला नाही. तक्रार घोड्याची होती, तेव्हा मीही घोडाच शोधायला लागलो.

दुपारपर्यंत खबर आली. चहाच्या टपरीवाल्याने जमादाराच्या कानात सांगितलं, काठेवाडहून आलेल्या एका व्यापाऱ्याची पांढरी घोडी त्या सकाळी दावं तोडून नदीकडे पळाली होती. व्यापाऱ्याला बोलावलं. उंच, शांत माणूस. घोडी सुटली होती हे त्याने लगेच कबूल केलं, धडक मात्र नाकारली.

"साहब, मेरी घोडी आदमी को नहीं मारती. बाजू से निकल जाती है."

"सगळे मालक असंच म्हणतात."

जनावर सांभाळण्यात हलगर्जीपणा केला म्हणून त्याच्यावर कलम लागत होतं. पंचनामा केला, घोडी ताब्यात घेतली आणि चौकीमागच्या लिंबाला बांधली. कागदोपत्री ती मुद्देमाल झाली. आता मुद्देमालाला चारा कोण घालणार, यावरून शिपायांची जुंपली. शेवटी व्यापारीच चारा घेऊन तिच्यापाशी येऊन बसला, तो उठेना. तिच्या मानेवरून हात फिरवत काहीतरी हळू आवाजात सांगत राहिला. आरोपीने मुद्देमालाशी बोलू नये असा नियम मला तरी ठाऊक नव्हता, मी बोलू दिलं.

घोडीच्या गळ्यात घुंगरू नव्हतं. विचारलं तर म्हणाला, अजून कच्ची आहे, आवाजाला बिचकते, कधी बांधलेलंच नाही. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो किंवा फार उशिरा देतो. हा योग्य वेळी बोलत होता. मला चैन पडेना.

संध्याकाळी ऊन कलल्यावर मी त्याला म्हणालो, "चल, दाखव. मी पाठ करून उभा राहतो, तू हिला माझ्यावर सोड." जमादाराचा चेहरा पांढरा पडला. मोकळ्या रानात मी नदीकडे तोंड करून उभा राहिलो. आणि घोडी निघाली तशी ती मला आधी बुटांच्या तळव्यांतून कळली. जमीन धडधडली, मग कानांत टापा आल्या, मग अंगावरून वारा गेला. घोडी मला हातभर अंतर ठेवून निघून गेली होती.

तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. जमादाराला घेऊन मी तडक शहाद्याचा दवाखाना गाठला. म्हाताऱ्याच्या पायाला फळ्या बांधल्या होत्या.

"बाबा, घुंगरं ऐकलीत. टापा ऐकल्या?"

त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. मग त्याचे डोळे मोठे झाले.

"टापा... नही, साहेब. टापा नव्हत्यात."

जमादाराने तिथंच हात जोडले. परतताना त्याने मला गावात कुजबुजत असलेली गोष्ट सांगितली. गावाबाहेर मळ्यात एक चाबूकस्वार राहत होता. चाबूकस्वार म्हणजे घोड्यांना चाल शिकवणारा, आणि हा पंचक्रोशीत नावाजलेला. काही वर्षांपूर्वी नदीच्या वाळूत त्याची घोडी कोसळली. घोडी मेली, त्याचे दोन्ही पाय कायमचे गेले. तेव्हापासून तो खाटेवर होता. आणि आता यात्रेच्या तोंडावर लोकांना पहाटे धुक्यातून त्या घोडीची घुंगरं ऐकू येत होती. ती मालकाला शोधत येते, म्हणे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या उतारावर एकटा उभा होतो, तेव्हा माझी अविश्वासाची बाजू जरा डळमळीतच होती. धुकं इतकं दाट की माझेच बूट मला दिसत नव्हते. नदी कुठे आहे तेही कळत नव्हतं, ओल्या वाळूचा वास तेवढा येत होता. आणि मग घुंगरं आली. लांबून, एका तालात, जवळ जवळ. मी तळव्यांकडे लक्ष दिलं. जमीन गप्प होती. इतका गोड आवाज होता की हटायचं मला सुचलंच नाही. उभा राहून ऐकतच राहिलो.

"हो, हो, हो!" असं कुणीतरी ओरडलं आणि माझ्या गुडघ्यापाशी एक चाक येऊन थांबलं.

तीन चाकांची गाडी होती. मध्ये खुर्ची, छातीच्या उंचीवर हाताने फिरवायचे दांडे, तिथून चाकाला साखळी. खुर्चीत रुबाबदार फेटा बांधलेला माणूस, मांडीवर घोंगडी. ब्रेक नव्हताच. त्याने नुसत्या तळहातांनी चाकं आवळून धरली होती आणि तळहात सोलवटले होते. दांड्याला घुंगरांची जुनी माळ बांधलेली होती. माझी टोपी पाहून तो घाबरला नाही.

"साहेब, मी तुमनाकडेच येवाले निंघेल व्हतू," चाबूकस्वार म्हणाला. "ती घोडीले सोडा. तिनी काहीच करेल नही. मीच ठोकं त्याले."

"मग इतका वेळ गप्प का बसलात?"

"मानूसवर आळ येता तं मी कदाचित आजून गप बसतू. मुक्या जनावरवर उना. मंग झोप लागेना."

मला हसू आलं. मी त्याच्या गाडीशेजारी खाली बसलो आणि तो बोलत गेला. गाडी सुरतेहून त्याच्या मेव्हण्याने पाठवली होती, यात्रेच्या थोडंच आधी. ज्या लोकांनी आपल्याला घोड्यावर पाहिलं, त्यांनी खुर्चीत पाहू नये म्हणून तो फक्त धुक्यात बाहेर पडे. घोडे पाण्यावर येतात ते बघायचे आणि गाव जागं व्हायच्या आत शेतातल्या वाटेने परतायचं. त्या दिवशी उतारावर गाडी आवरली नाही. म्हातारा ओरडला, घाटावरची माणसं धावली, आणि याने गाडी वळवली.

"खाटलावर पडी पडी मी फक्त आढं देखं, साहेब. हाई गाडी उनी आनि माले नदी दिसनी. तुमी गाडी लई जाशात, माले ठाऊक शे."

"गाडीला घंटी का नाही लावली?"

तो माझ्याकडे अपमान झाल्यासारखा पाहत राहिला.

"घंटी तं सायकलवालास्नी. मी घोडावाला शे. घुंगरू मन्ही घोडीना शेतस."

घोडी त्याच सकाळी सोडली. गाडी मात्र मला जप्त करावी लागली. पंचनामा लिहिताना वाहनाचा प्रकार काय लिहावा हेच समजेना, शेवटी 'तीनचाकी हातसायकल' लिहिलं. दोघा शिपायांनी चाबूकस्वाराला उचलून बैलगाडीत ठेवलं, तेव्हा त्याने एकदाही गाडीकडे वळून पाहिलं नाही. ते मला फार लागलं. रिकामी खुर्ची चौकीत उभी राहिली आणि येताजाता घुंगरांना धक्का लागून ती वाजत राहिली. मी त्यांच्यावर पंचा टाकून ठेवला.

सगळं आता जखमीच्या हातात होतं. त्याने संमती दिली आणि कोर्टाने परवानगी दिली तर तडजोड होऊ शकत होती. मी चाबूकस्वाराला बैलगाडीने दवाखान्यात नेलं. दोघे एका वयाचे, लहानपणी एकाच घाटावर पोहलेले.

"तू व्हता का रे?" म्हातारा उसळून म्हणाला. "मी तं समजनू घोडं शे!"

"मन्ही चूक शे," चाबूकस्वार खाली बघत म्हणाला.

"धडकनं मी सोडी देसू. पन गाडीले घुंगरू? मी जलमभर घोडाले वाट देयेल नही, घोडाच माले वाट देस. आते या वयमा मी काय नवीन शिकू? घुंगरू वाजतीन तं मी परत उभाच ऱ्हासू!" मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "त्यानी गाडी जप्त ठेवू नका, साहेब. घुंगरू काढी टाका."

इतकी वर्षं मी लोकांना दिव्याशिवाय सायकल चालवली म्हणून पकडत आलो होतो. तो दिवा, ती घंटी कशासाठी, हे मला इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावर आपण काय आहोत ते समोरच्याला खरं खरं कळलं पाहिजे, म्हणजे तो हटायचं की थांबायचं ते ठरवील.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तडजोडीला परवानगी दिली आणि बजावलं: घंटी हवी, दिवा हवा, ब्रेक हवा, डावी बाजू सोडायची नाही. शहाद्याच्या सायकल दुकानात जुन्या सायकलीचा ब्रेक गाडीला बसला. घुंगरांची माळ चाबूकस्वाराने स्वतःच सोडली. गाठ जुनी होती, दातांनी सोडवावी लागली. यात्रा उठायच्या आधी तो गाडी चालवत, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत काठेवाडी व्यापाऱ्याच्या राहुटीवर गेला आणि ती माळ त्याच्या हातात ठेवली. घोडी बिचकली. मग हा खुर्चीतून तिला चुचकारत बसला. दिवस मावळायच्या आत ती माळ गळ्यात बांधून घेऊन शांत उभी राहिली.

पुढच्या वर्षी बंदोबस्ताला मीच होतो, काठेवाडी व्यापारीही तीच घोडी घेऊन आला होता. एका सकाळी उतारावर उभा होतो, तसंच धुकं होतं. मागून घुंगरं आली. तळव्यांना टापा कळल्या. मी हटलो नाही. पांढरी घोडी मला वळसा घालून पाण्याकडे गेली.

तिच्यामागून घंटी वाजली. मी लगेच बाजूला झालो. धुक्यात एक पिवळा दिवा दिसला, मग फेटा दिसला. चाबूकस्वार डाव्या कडेने आला आणि उताराच्या तोंडाशी त्याने ब्रेक दाबला. खाली पाण्यावर घोडीच्या गळ्यात त्याची घुंगरं वाजत होती. ती थांबेपर्यंत तो ब्रेक धरून बसला. मग त्याने घंटी वाजवली आणि गाडी पुढे काढली.