आधी वर बघणारा माणूस

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत शिरला की तो माणसाकडं आधी बघायचाच नाही. आधी मान वर. या गच्चीवरून त्या गच्चीवर गेलेल्या काळ्या वायरी जागच्या जागी आहेत का बघायचा, मग खाली बघून म्हणायचा, "बोला मावशी." तुमच्याही गल्लीत असा एक इंटरनेटवाला असेल बघा, ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. आम्ही त्याला वायरवालाच म्हणायचो, आणि तोही ओ द्यायचा.

मूळचा पाचोडकडचा. मोठ्या कंपनीकडून लाइन घ्यायची आणि घरोघर पोचवायची, हा त्याचा धंदा. सगळा कारभार गच्च्यांवरून. आणि ज्याच्या गच्चीवरून वायर जाते तो लगेच राजा होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. चहा पिऊन, गोड बोलून त्यानं एकेक गच्ची मिळवलेली.

आमच्या समोर शिवणकाम करणारी एक बाई राहते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. लेक पुण्याला हॉस्टेलात. दोघी मायलेकी फोनवर एकमेकींना बघत हातांनी बोलायच्या. आणि किती बोलायच्या! संध्याकाळी मी ओट्यावर भाजी निवडत बसायचे आणि तिच्या खिडकीतली हातांची लगबग बघायचे. कधी हसायची, कधी बोट उगारून लेकीला दटावायची. भांडणसुद्धा बिनआवाजी.

तिची लाइन कोपऱ्यावरच्या रिटायर साहेबांच्या गच्चीवरून जायची. एकदा सांडपाण्यावरून दोन्ही घरांचं बिनसलं. साहेबांनी वायरवाल्याला बोलावून बजावलं, माझ्या गच्चीवरून तिच्या घरी काही जाता कामा नये. त्यानं आधी वर बघितलं.

"साहेब, आपलं काम वाट द्यायचं. कोण जातंय ते बघायचं नाय."

"आणि मी कापली तर?"

"कापा की. तुमचं बी त्याच वायरीतून येतंय."

साहेबांचा क्रिकेटचा सामना चालू होता. ते आत गेले. तेव्हापासून गल्लीत ती म्हणच झाली. लग्नाच्या पंगतीत कुणी बिनबोलावता बसलेला दिसला तरी बायका कुजबुजायच्या, वाट द्यायची, कोण जातंय ते बघायचं नाय.

मग कंपनीनंच स्वतःचं व्हिडिओ कॉलचं ॲप काढलं. ते पाण्यासारखं चालायचं आणि बाकीच्या ॲपचं चित्र अडकायचं. आपल्यासारख्यांचं काय, चित्र अडकलं तरी आवाज येतो, भागतं. समोरच्या बाईनं काय करावं? लेकीचे हात हवेत थांबायचे आणि वाक्य तिथंच मरायचं. कंपनीचं ॲप घ्यावं, तर दोन्हीकडं त्यांचीच लाइन पाहिजे. हॉस्टेलात ती कुठली असायला?

वायरवाल्यानं येऊन तिच्या लाइनचा डबा उघडला, बघितला, बंद केला. "मावशी, माझ्या हातात काय नाय. वरून कंपनीनंच दाबलंय." पण नियम आहे, म्हणाला. सगळ्यांना सारखी वाट द्यायची, असा सरकारचाच नियम आहे. मला लई बरं वाटलं. नियम आहे म्हटल्यावर झालंच की काम.

त्यानं तक्रार केली. इथल्या कचेरीत म्हणाले, हे दिल्लीचं काम. दिल्लीनं ती उत्तरासाठी कंपनीकडंच धाडली. कंपनीनं कळवलं, अडचण दूर झाली आहे. त्यानं पुन्हा केली, पुन्हा दूर झाली. ओट्यावर बसून मला म्हणतो कसा, "अडचण इतकी दूर गेलीय मावशी, मलाच दिसंना." हसलो आम्ही दोघं. त्यानंतर त्याला हसताना मी पाहिलं नाही.

कारण गच्चीवरून वायर न्यायला परवानगी लागते, असाही एक नियम निघाला. त्याच्या बाजूचा नियम कचेऱ्यांतून फिरत राहिला, त्याच्या विरुद्धचा मात्र गाडी आणि शिडी घेऊन दारात आला. महापालिकेच्या माणसांनी भर दुपारी वायरी कापल्या. गच्ची माझी आहे, माझी हरकत नाही, असं साहेबसुद्धा खाली येऊन सांगत होते. कोण ऐकतंय? तो रस्त्यात उभा राहून वर बघत होता. बघण्यासारखं काही उरलं नाही, तरी बघत होता.

पुढं कंपनीनं स्वतःच घरोघर लाइन दिली. तो गल्लीत यायचा बंद झाला.

दिवाळीच्या खरेदीला गेले तेव्हा छावणीच्या बाजारात दिसला. अंगात त्याच कंपनीचा टी-शर्ट. मीच हाक मारली. समोरच्या बाईचं अजून अडकतंय रे, म्हटलं.

"तिला म्हणावं, कंपनीचं ॲप घे."

"अरे, पोरगी हॉस्टेलात आहे ना."

"म्हाईतंय मावशी."

डोक्यावर बाजारभर वायरींचं जाळं होतं. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

बाई आता त्या लाइनचा नाद सोडून संध्याकाळी गच्चीवर जाते. आमच्याकडं मोबाईलची रेंज तिथंच मिळते, तीही फोन उंच धरला तर. म्हणजे एक हात फोनला गेला. उरलेल्या हातानं ती बोलते, आणि तिची भाषा आहे दोन हातांची. माझे गुडघे असे, नाहीतर वर जाऊन मी फोन धरला असता. ओट्यावरून मला निम्मंच बोलणं दिसतं. पुण्यात लेकीलाही तेवढंच दिसत असणार.