चमचा कुणी चोरला?

वजनमाप खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थाला सगळे ‘काटा’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. वजनाच्या बुडातलं शिसं काढून मेण भरणारे दुकानदार पकडण्यात त्याची हयात गेली. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. औषधाच्या सीलबंद डबीतल्या गोळ्यासुद्धा तो मोजून घेई.

गेलं वर्षभर त्याचा डोळा एका माणसावर होता. तो म्हणजे त्याचा जुना मित्र, रेडिओवाला. काट्याचा दोन वर्षं बंद पडलेला टेप डेक त्याने दुरुस्त करून दिला, आणि तेव्हापासून चमचा गायब होता.

काट्याची मुलगी सहाव्या वर्षी तापाने गेली होती. तिची एकच खूण उरली होती, एका कॅसेटवर. त्यात बायको गात होती आणि मुलगी मागे बसून काचेच्या पेल्यावर चमचा वाजवत होती. सात ठोके. बायकोने ती कॅसेट नंतर कधी ऐकली नाही. ती लागली की बाई तडक गच्चीवर. काटा मात्र दर रविवारी ऐकायचा. आता गाणं तेवढं वाजत होतं, चमचा नाही.

“चांगला भाग काढून भंगार बसवलंय त्याने,” काटा म्हणाला आणि मित्राच्या गल्लीतून जाणंसुद्धा त्याने सोडलं.

मग कुणीतरी सांगितलं की अँप्लिफायरच्या आधी, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या ट्यूबचा प्रीअँप लावला की आवाजात जीव येतो. काट्याने खिशाला झेपेल असा घ्यायचं ठरवलं आणि दुकान गाठलं.

दुकानाच्या मालकीणबाईंनी सर्वांत स्वस्त मॉडेल पुढे ठेवलं. दोन्ही ट्यूबा नारिंगी उजळल्या. काट्याच्या मनात लगेच पाल चुकचुकली. एवढ्या पैशांत एवढा उजेड?

“बंद करा. ट्यूबा काढा. आता लावा गाणं.”

“काका, ट्यूब काढल्यावर कसं वाजेल?”

पण ते वाजलं, अगदी पहिल्यासारखं! ट्यूबखाली नारिंगी दिवा होता आणि सगळं काम आतली चिप करत होती. काट्याला मेणाचं वजन सापडल्याचा आनंद झाला. बाई ओशाळल्या. दुसरं मॉडेल जरा महाग होतं, दिसायला ओबडधोबड. त्याची ट्यूब काढताच गाणं मुकं झालं. काट्याने तेच घेतलं, तेही सात दिवसांत परत करायचं लेखी घेऊन.

घरी कॅसेट लावली. बायकोचा तरुणपणीचा आवाज खोलीभर पसरला. चमचा नव्हता.

“हेही खोटंच!” तो चडफडला. पण माल खोटा ठरवायचा तर पंच लागतो. एकट्याच्या शब्दावर त्याने आयुष्यात जप्ती केली नव्हती. त्याने बायकोला गच्चीवरून बोलावलं.

“अहो, मला नका बसवू.”

“एकदाच. पंच म्हणून. चमचा ऐकू आला तर बोट वर कर.”

ती खुर्चीत बसली. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने तिचं बोट वर गेलं. मग पुन्हा. तिचे डोळे भरून आले होते.

काट्याला खरं वाटेना. आपल्याला बरं वाटावं म्हणून ही नाटक करतेय, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्याने तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं, टेप मागे नेली आणि बोट वर जाईल तसे, टेप किती सरकली ते दाखवणाऱ्या डेकच्या काउंटरचे आकडे कागदावर लिहिले. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. दोन्ही वेळा सात. दोन्ही वेळा तेच आकडे. इतकं नेमकं नाटक कुणालाच जमलं नसतं.

तो कागदाकडे बघत राहिला. प्रीअँप खरा होता. डेक खरा होता. रेडिओवाल्याने एक स्क्रूसुद्धा चोरला नव्हता. खात्याची प्रमाण वजनं तो दरवर्षी न चुकता स्वतः तपासणीला नेई, कारण तपासणाऱ्याचंच वजन खोटं निघालं तर सगळंच खोटं. कान मात्र त्याने कधी तपासायला नेले नव्हते; डेक बंद होता त्या दोन वर्षांत बारीक किणकिण त्यांतून कधी गेली, त्याला कळलंच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको वळली. “तुम्हाला... ऐकू येत नाही?”

“नाही.” त्याने कागदाची घडी घातली. “उद्या त्याच्याकडे जातो. पाय धरतो त्याचे.”

“जा. आधी टेप मागे न्या.”

ती त्याच्याजवळ येऊन बसली. त्याचा हात तिने आपल्या मांडीवर उताणा घेतला आणि गाणं सुरू झाल्यावर चमचा वाजेल तसं त्याच्या तळव्यावर बोट आपटलं. एक. दोन. मध्ये बराच वेळ काहीच नाही. मग तीन.

या वेळी काट्याने काउंटरकडे बघितलं नाही.