दादानं आवळलेला स्क्रू
सागाच्या भुशाचा वास आला की कळमनुरीच्या आमच्या दुकानातली ती दुपार आठवते. दादाचं तेरावं उरकून मी त्याचं पट्टीवर सरकणारं, लाकूड कापायचं कटर हाती घेतलं होतं. पात्याची खोली त्यानं शेवटच्या पातळ प्लायवूडसाठी लावलेली, आणि माझ्यापुढची फळी जाड. खोली पक्की धरणारा स्क्रू ढिला केल्याशिवाय पातं खाली उतरणार नव्हतं. "काहून थांबले, भाऊजी?" वहिनींनी विचारलं. "हा दादानं आवळलेला हाय." त्यांनी जवळ येऊन स्क्रूवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "सोडा आता. गिऱ्हाईक थांबून राहिलं." तो लवकर सुटेना, दादाचा जोर अजून त्यात होता. आजही काम संपलं की मी पातं त्याच खोलीवर आणून ठेवतो. स्क्रू मात्र माझ्या हातानं आवळलेला असतो.