मालकांनी नाही म्हटलं

नफिसा मुकादम आमच्या शाळेत गणित शिकवते. पनवेलची शाळा, आठवी ते दहावीचे वर्ग. स्टाफरूममध्ये तिची खुर्ची माझ्या शेजारी. मुलं तिला घाबरतात, पण ती कधी ओरडत नाही. ती विसरत नाही, म्हणून घाबरतात. जूनमध्ये एखाद्याने आजी आजारी होती म्हणून गृहपाठ राहिला अशी थाप मारली, तर फेब्रुवारीत त्याच्या बाकाशी थांबून ती शांतपणे विचारते, "आजी कशी आहे रे आता?"

तिचं माहेर उरणकडचं, खाडीकाठचं गाव. वडील लवकर गेले, भाऊ कतारला. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा नफिसाने तिला आपल्याकडे पनवेलला आणलं. नवरा नझीर तळोज्याला केमिकल कंपनीत, शिफ्टची नोकरी. मुलगी समरा नववीत. घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. अम्मीला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे नझीर, शेजारचे दोघे आणि प्लास्टिकची खुर्ची. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि अम्मी डोळे मिटून घ्यायची. पुढे पुढे ती म्हणायला लागली, "मना खाली नका नेऊ. वरच बरी हाय मी."

म्हणून घर बघणं सुरू झालं. एका रविवारी नफिसा मला सोबत घेऊन करंजाड्याला गेली. एजंटचं नाव दिपेश. तिशी-पस्तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, तुमच्या बजेटमध्ये घर दाखवतो." पहिली दोन घरं बघून आम्ही कंटाळलो होतो. तिसऱ्या घराचं कुलूप त्याने उघडलं आणि नफिसा दारातच थांबली.

त्या घराला उंबराच नव्हता. दारं रुंद करून घेतलेली. बाथरूममध्ये भिंतीला स्टीलचे दांडे बसवलेले, धरून उठायला. खाली बिल्डिंगच्या दाराशी उतार होता आणि लिफ्ट मोठी होती. दारावर पाटी होती, 'श्यामसुंदर कर्णिक'. दिपेश म्हणाला, मालकांची बायको व्हीलचेअरवर होती, ती गेली, आता ते जुन्या पनवेलला भावाशेजारी राहायला गेलेत. नफिसाने पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि एकेक दार मोजलं. मग खिडकीशी जाऊन म्हणाली, "पलंग इथे. इथून अम्मीला रस्ता दिसेल."

मालकांनी सांगितलेल्या आकड्याच्या अगदी जवळची ऑफर तिने त्याच संध्याकाळी दिली. बँकेचं कर्ज आधीच मंजूर होतं. दिपेश म्हणाला, उद्या कळवतो. दोन-तीन दिवस गेले. मग त्याचा व्हॉइस मेसेज आला. तिने तो मला स्टाफरूममध्ये ऐकवला.

"मॅडम, मालकांशी बोललो. ऑफर तुमची चांगलीच आहे, पण त्यांनी नाही म्हटलं. म्हणजे, नाव ऐकून. जुनी माणसं आहेत, मी काय बोलणार. सोसायटीचं पण असतं थोडं. तुमी समजदार आहात. तुमच्या लोकांचे पण एरिया आहेत ना, तिकडे बघतो मी."

मी म्हटलं, "आपण त्या कर्णिकांना जाऊन भेटू."

"कशाला?" ती म्हणाली. "पुन्हा तोंडावर ऐकायला?"

भाड्याची घरं शोधताना तिने हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा ऐकलं होतं. तिला ते नवीन नव्हतं. त्यामुळे ते खरं आहे का, हे तपासावं असं तिच्याही मनात आलं नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

पण मेसेज तिने पुसला नाही. त्या दिवसापासून कर्णिक नावाच्या, कधी न पाहिलेल्या माणसाचा ती द्वेष करू लागली. पेपर तपासता तपासता मध्येच म्हणायची, "त्या म्हाताऱ्याला कोण उचलून नेतं ते बघायचंय मला." शाप देणारी बाई नाही ती, पण त्या माणसाला तिने मनापासून शाप दिले.

तिच्या बजेटमध्ये तसं दुसरं घर मिळालं नाही. अम्मी त्या तिसऱ्या मजल्यावरच राहिली, व्हीलचेअरवर पलंगापासून मोरीपर्यंत. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. शेवटचे सगळे महिने तिने खालचा रस्ता पाहिला नव्हता. ज्या जिन्यावरून तिला धड उतरवता येत नव्हतं, त्याच जिन्यावरून माणसांनी तिला शेवटी खाली आणलं. वळणावर सगळे थांबले, तिरके झाले. नफिसा वरच्या कठड्याशी उभी होती. ती रडत नव्हती. खाली बघत होती.

चाळिसाव्या दिवसाचं कार्य झाल्यावर तिच्या व्हीलचेअरचा प्रश्न आला. जुन्या पनवेलमध्ये काही ज्येष्ठ मंडळी रुग्णांसाठी खाटा, खुर्च्या, वॉकर उसने देतात. तिथे देऊन टाकू म्हणून आम्ही दोघी रिक्षाने गेलो. टेबलाशी सत्तरीचे एक बारीकसे गृहस्थ होते. त्यांनी खुर्चीचे ब्रेक स्वतः वाकून तपासले, चाकांना तेल हवंय म्हणाले, आणि पावतीवर सही केली. नफिसाने पावतीवरचं नाव वाचलं आणि पावती परत टेबलावर ठेवली.

"तुम्ही श्यामसुंदर कर्णिक? करंजाड्याचे?"

"हो. ओळखता का मला?"

"मुसलमानांना घर देत नाही ते तुम्हीच ना?"

मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला. कर्णिक गोंधळून आमच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता, त्यांना काही कळतच नव्हतं.

"कोण म्हणालं असं?"

नफिसाने फोन काढला आणि तो मेसेज लावला. छोट्याशा खोलीत दिपेशचा गोड आवाज सगळ्यांना ऐकू गेला. कर्णिकांनी तो पूर्ण ऐकला, पुन्हा लावायला सांगितला, मग खुर्ची ओढून बसले.

"तुमच्या घरात कुणी आजारी होतं?" त्यांनी विचारलं. "दारं मोजून गेलेल्या बाई तुम्हीच का? वॉचमन मला म्हणाला होता, एक बाई टेप घेऊन दारं मोजत होत्या. मी दिपेशला तीनदा विचारलं, त्या बाईंचं काय झालं. म्हणाला, त्यांना दुसरीकडे मोठं घर मिळालं. तुमची ऑफर माझ्यापर्यंत आलीच नाही हो. मी त्याला पहिल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, घरात आजारी माणूस असलेलं कुणी आलं तर आधी मला कळव, मी थोडं कमी घेईन. बायकोसाठी, वैजयंतीसाठी केलेलं सगळं, कुणाच्या तरी उपयोगी पडावं."

घर विकलं गेलं होतं दिपेशच्या मेहुण्याला, नफिसाच्या ऑफरपेक्षा बरंच खाली; तो मेहुणा आहे हे कर्णिकांना फार उशिरा कळलं होतं. दुसरं गिऱ्हाईकच नाही, असं सांगून दिपेशने कर्णिकांना थकवलं होतं. मेहुण्याने दांडे उपटले, नवा रंग दिला आणि काही महिन्यांतच चढ्या भावाने ते घर दुसऱ्याला विकलं.

परतताना नफिसाने रिक्षा केली नाही. चालत राहिली. नाक्यावर आल्यावर म्हणाली, "दुसरं काहीही सांगितलं असतं तर मी जाऊन विचारलं असतं. त्याला माहीत होतं, हे सांगितलं की ही बाई पुन्हा दार वाजवणार नाही." आणि थोडं पुढे जाऊन, "मी एका चांगल्या माणसाला इतके दिवस शिव्या दिल्या. त्याचाही हिशेब दिपेशकडूनच घेणार."

तिने आधी वकील गाठला. वकील म्हणाला, बाई, तुम्ही त्याला दलाली दिलेली नाही, तुम्ही त्याच्या ग्राहक होत नाही. कर्णिकांनी दिली आहे, ते तक्रार करू शकतात. कर्णिक लगेच तयार झाले. ग्राहक आयोगात अर्ज गेला, तारखा सुरू झाल्या. तारखेला दोघं एसटीने अलिबागला जायची, ती त्यांना काका म्हणू लागली होती, आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत यायची.

तारखांवर तिचं भागणार नव्हतं. दिपेशच्या ऑफिससमोर चहाची टपरी आहे. दर रविवारी सकाळी नफिसा तिथे बाकड्यावर जाऊन बसू लागली. कधी कर्णिक असायचे, कधी मी. घर बघायला आलेलं कुटुंब ऑफिसातून बाहेर पडलं की ती उठून जवळ जायची आणि एकच सांगायची, "घर आवडलं तर मालकांचा नंबर मागा. ऑफर स्वतःच्या तोंडाने सांगा." का, असं कुणी विचारलं तर तो मेसेज ऐकवायची आणि शेजारी बसलेल्या कर्णिकांकडे हात करायची. "हे ते मालक. विचारा त्यांना, काय म्हणाले होते."

एक शब्द वाढवून नाही, एक शिवी नाही. वर्गात प्रमेय सांगते त्याच आवाजात.

लोक परत आत जाऊन नंबर मागायचे. दिपेश टाळाटाळ करायचा. मग लोक निघून जायचे. करंजाड्यातली अर्धी मुलं आमच्या शाळेत, त्यांच्या आया सोसायट्यांच्या ग्रुपवर. कुणी मागितला तर नफिसा तो मेसेज पाठवायची. महिन्या-दोन महिन्यांत मेसेज तिला पाठवावाही लागेना, तो आपोआप फिरत होता. इतर घरमालकांनी दिपेशकडून आपल्या किल्ल्या परत मागितल्या.

दिपेश आधी तावातावाने आला. "मॅडम, बदनामीची केस टाकीन."

"टाक," ती म्हणाली. "आवाज तुझाच आहे. कोर्टातपण ऐकवू."

दुसऱ्या खेपेला तो हात जोडून आला. तुम्हाला घर शोधून देतो, दलाली नको, म्हणाला.

"अम्मीसाठी हवं होतं. आता कोणासाठी शोधतोस?"

नफिसाने चहा संपवला. माझ्याकडे वळून, त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पुढच्या रविवारी जरा लवकर येऊ."

मग त्याची बायको आली, भाविका. शाळेत आली, मधल्या सुट्टीत. धाकटी मुलगी कडेवर. मला वाटलं भांडायला आलीय. ती स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, घरात फार वाईट चाललंय. ते जेवत नाहीत. चूक झाली त्यांची. आता बस करा ना."

नफिसाने तिला बसवलं, मुलीला बिस्कीट दिलं. मग म्हणाली, "तुझ्यावर माझा काही राग नाही. तुझ्या पोरींची मला दयाही येते. पण मी थांबणार नाही. त्याला सांग, मालकांच्या नावावर जे खपवलं ते खोटं होतं हे त्याने चार लोकांत, कर्णिककाकांच्या जुन्या सोसायटीत येऊन बोलावं."

"मग थांबाल?"

"तसं मी म्हटलं नाही."

भाविका गेल्यावर मी नफिसाला म्हटलं, जरा जास्त होतंय. तिने वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. "तुला तसं वाटणारच. तुला कोणी नाव ऐकून परत पाठवलेलं नाही."

दिपेश आला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, सगळे विषय संपल्यावर सेक्रेटरीने त्याला बोलू दिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "कर्णिककाकांनी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. मी मॅडमची ऑफर त्यांना सांगितलीच नाही. सोसायटीचं नाव पण मी उगाच घेतलं." कोणीतरी मागून म्हणालं, मोठ्याने बोल. त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. कर्णिकांनी दुसरीकडे पाहिलं. त्यांना ते बघवलं नाही. नफिसा पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने त्याच्या चेहऱ्यावरून एकदाही नजर काढली नाही.

पुढच्या रविवारी ती पुन्हा टपरीवर होती.

घरी नझीर तिला बोलला. शांत माणूस आहे तो. "आता तर त्याने कबूल केलं. अजून काय पाहिजे तुला?" ती म्हणाली, "त्याने या धंद्यात राहायला नको." कर्णिकही थकले होते, त्यांनी रविवारी येणं सोडलं. ती एकटी जात राहिली. उन्हाळ्यात छत्री घेऊन. शेवटी भाडं थकलं आणि दिपेशने जागा सोडली. त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. दोन माणसं आतून टेबल, खुर्च्या, एसी काढून टेम्पोत भरत होती. दिपेशने तिला पाहिलं आणि तो टेम्पोच्या पलीकडे गेला. टेम्पो निघून जाईपर्यंत नफिसा बसून राहिली. नंतर तिने आम्हा दोघींसाठी आणखी एक चहा मागवला.

ग्राहक आयोगाचा निकाल त्यानंतर आला. दलाली परत करायची आणि वर भरपाई द्यायची. कर्णिकांनी ते पैसे रुग्णांच्या खाटांसाठी दिले. दिपेश आता उरणच्या बाजूला एका गोदामात सुपरवायझर आहे असं ऐकते.

असल्या गोष्टींनी शेवटी समाधान मिळत नाही, असं लोक म्हणतात. मलाही तसं वाटायचं, म्हणून मी एकदा तिला विचारलं. परीक्षेचे दिवस होते, आम्ही पर्यवेक्षणाहून परत येत होतो.

"मिळालं," ती म्हणाली. "खूप मिळालं. ज्या दिवशी त्याचं ऑफिस रिकामं झालं, त्या दिवशी अम्मी गेल्यापासून पहिल्यांदा मी सलग झोपले."

"आणि अम्मीचं?"

"ते वेगळं आहे," ती म्हणाली, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दुसऱ्या हातात घेऊन ऑफिसकडे वळली.